शिडीवरचा पक्षी

७ नोव्हेंबर १९८३, सोमवार

सकाळी मागच्या गॅलरीत ही गर्दी! मला वाटलं अवेळी पाणी आलं, म्हणून कळशी घेऊनच धावले. बघते तर सगळ्याजणी कठड्यावर ओणव्या, मिलच्या तलावाकडे डोळे लावून. संपाला दोन वर्षं होत आली, मिलच्या भोंग्याचा आवाजही विसरायला झालाय. आत बघण्यासारखं काय उरलंय?

"साप गो, साप!" कुणीतरी ओरडलं. पाण्यातून नुसती मान वर. लांब, बारीक, सरसर चाललेली. मग ती बुडाली. बराच वेळ काहीच नाही. आणि वर आली ती भलतीकडेच, पंपघराजवळ, चोचीत मासा धरून. साप कसला, पक्षी! अख्खं अंग पाण्याखाली ठेवून पोहतो मेला.

पुतळाबाई मासळीची पाटी उतरवून बघत होती. ती शीव कोळीवाड्याची, खाडीवर जन्म गेला तिचा. तिला विचारलं तर म्हणाली, "खाडीवरची सगली पाखरं बघलीत मी. ह्यो नाय बघला कधी."

मग तो पंपघराच्या लोखंडी शिडीवर चढला आणि दोन्ही पंख पसरून उन्हात उभा राहिला. हलेचना. एकेक जण हळूच माझ्याकडे बघायला लागली. मी कळशी उचलली आणि रिकामीच घेऊन घरात आले.

हे असेच उभे राहायचे. आंघोळ झाली की पंच्याला हात लावायचे नाहीत. ओल्या अंगाने गॅलरीत दोन्ही हात पसरून उभे. मी ओरडायचे, "अहो, लोक हसतायत!" तर म्हणायचे, "हसू देत. बॉयलरवाल्याचं अंग आहे, आपोआप सुकतं."

एप्रिलात, शिमगा झाल्यावर, सकाळी डबा घेऊन गेले ते अजून आलेले नाहीत.

९ नोव्हेंबर

ही वही हेरंबरावांनी दिली. फणसवाडीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, मी तिथे स्पॉटिंग करते. म्हणजे निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोत पांढरा ठिपका येतो. तो बारीक कुंचल्याने, भोवतीचा रंग जुळवून बुजवायचा. देवीचे व्रणही बुजवते, तिरळे डोळे सरळ करते. संपात बायका पापड लाटायला लागल्या, माझ्या हाताला हे लागलं. हेरंबराव म्हणतात, "शेवंताबाई, तुमच्या हाताखालून गेलं की माणूस स्वतःला ओळखत नाही." स्तुती करतात की टोमणा मारतात, देव जाणे.

वहीत सगळं खरं लिहायचं ठरवलंय. फक्त ह्यांचं नाव तेवढं लिहिणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं माझी आई सांगायची. आत्ता तर मुळीच नको.

१३ नोव्हेंबर

आये, म्हणजे माझी सासू, दिवसभर मागच्या गॅलरीत बसून आहे. जेवायला हाक मारली तर म्हणते, "माझो झील तो. आंग सुकयता बघ."

"आये, पक्षी आहे तो."

"तुका काय कळता? मिया नव महिने पोटात बाळगलंय तेका."

भाऊजी, म्हणजे रघू, कोपऱ्यात चहा पीत ऐकत होता. त्यानेही आईला थांबवलं नाही.

२० नोव्हेंबर

आज तेच झालं. गावचा घाडी मुंबईत आलाय, देवाला कौल लावणारा. आये जाऊन विचारून आली. तो म्हणे बोलला, झील पाण्यात अडकलाय, सोडवा त्याला. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करा, बारावं घाला.

"थंडी सुरू झाली गो," आये रडत होती. "पाण्यात कुडकुडत आसतलो. सोडव तेका."

रघू म्हणाला, "वहिनी, पोलिसात नोंद केली, गावाला कळवलं, भिवंडीपर्यंत शोधलं. आईकडे बघवत नाही मला. करून टाकूया."

करून टाकूया! म्हणजे मी कुंकू पुसायचं, जिवंत माणसाच्या नावाने. मी चिडून म्हटलं, "पाखरू बघून नवऱ्याला मारू मी? हात लावून तर बघा माझ्या मंगळसूत्राला!" भांडं आपटलं, पोचा आला त्याला. नंतर मोरीत बसून रडले.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. संपातही हे रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. काम बघतो म्हणायचे. काम कधीच मिळालं नाही, पण संध्याकाळी परत यायचे तेव्हा केस ओले असायचे. कामाच्या शोधात फिरणारा माणूस आंघोळ कुठे करतो? विचारलं की हसायचे. शेजारच्या गुणवंतीने एकदा कुजबुज केली, कुठेतरी घरोबा केला असेल म्हणून. तिला मी फाडून खाल्लं, पण तो किडा माझ्याही डोक्यात होताच. आता म्हणते, असू दे बाई. कुणाच्याही घरी असू देत, पण जिवंत असू देत.

४ डिसेंबर

आज पक्ष्याकडे बराच वेळ बघत बसले. बुडी मारली की माझाही श्वास अडकतो. वर येईपर्यंत कठडा सोडवत नाही. आणि येतो तो नेहमी पंपघराच्या शिडीपाशी. एवढा मोठा तलाव, पण बसायला ह्याला तीच जागा.

१५ डिसेंबर

मी तोडगा काढला! घाडीच म्हणाला होता, त्या जगातलं असेल ते फोटोत येत नाही. मी म्हटलं, "मग काढते फोटो. आला तर पक्षी. मग बाराव्याचं नाव कुणी काढायचं नाही. नाही आला तर तुम्ही म्हणाल ते करीन."

रघूने आईकडे बघितलं. आये म्हणाली, "चलात."

बोलून बसले खरी, आता हेरंबरावांकडे कॅमेरा मागायला हवा.

८ जानेवारी १९८४

हेरंबरावांनी रविवारपुरता जुना कॅमेरा दिला, वरून वाकून काचेत बघायचा. त्यात सगळं उलटं दिसतं. पक्षी उजवीकडे गेला की काचेत डावीकडे. मागच्या गॅलरीतून अख्खा रोल संपवला. चाळीतली झाडून सगळी माणसं मागे उभी. "दाब, दाब!" "आता नको, मान वळव म्हणावं त्याला!" जसा काही तो पासपोर्टचा फोटो काढायला बसलाय.

११ जानेवारी

रोल धुतला. नुसतं पाणी. मी बटण दाबायच्या आणि तो बुडायच्या वेळा जुळल्या असणार, दुसरं काय. दोन फोटोंत शिडी आहे, वर कुणी नाही. तिथे तो होता! मी माझ्या डोळ्यांनी काचेत बघितला होता. हेरंबराव म्हणतात, लांबून एवढासा दिसणार, मागच्या काळ्या भिंतीत मिसळला असेल.

घरी सांगितलं नाही. रोल खराब निघाला म्हटलं. आयेने माझ्या तोंडाकडे बघितलं फक्त.

आज स्टुडिओत एका नवरीच्या गालावर डाग पाडून ठेवला.

१९ फेब्रुवारी

आज आत गेले! मिलच्या गेटवर सीताराम वॉचमन असतो, साताऱ्याकडचा. ह्यांचा चांगला दोस्त. हे गेल्यापासून मला बघितलं की मान खाली घालतो, गरीब स्वभावाचा आहे. आधी नाहीच म्हणाला. मी म्हटलं, "सीतारामभाऊ, माझ्या कुंकवाचा प्रश्न आहे." तेव्हा त्याचं तोंड असं झालं की मलाच वाईट वाटलं. मागचं छोटं दार उघडलं त्याने.

आत गवत कमरेएवढं. खात्यांच्या काचा फुटलेल्या. बॉयलरच्या दाराला कबुतरांनी शेण लिंपलंय. ह्यांनी बघितलं असतं तर रडले असते. तलावाचं पाणी कितीतरी उतरलंय, कडेला गाळाचा पट्टा उघडा पडलाय.

मी पंपघराकडे निघाले तर सीताराम आडवा आला. "न्हाई वैनी. हितनंच काढा. शिडीकडं पाय ठेवायचा न्हाई."

"का? पडेन म्हणून?"

"जागा बरी न्हाई ती."

पंपघराच्या पायरीवर उदबत्त्यांच्या काड्यांचा ढीग होता, एक नारळही होता. विचारलं तर म्हणाला, दर अमावास्येला ठेवतो. देवभोळा माणूस. ह्या ओसाडीत एकटा राहायचं म्हणजे कुणीही होईल.

तलावाच्या ह्या काठावरून काढले मग. पक्षी शिडीच्या वरच्या दांडीवर पंख पसरून उभा. ऊन डोळ्यांत येत होतं, पाणी चमचमत होतं. काचेत तो असा उभा दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, लोक हसतायत." सीतारामने ऐकलं असावं. तो पाठ करून उभा राहिला.

२३ फेब्रुवारी

आला! आला! आला!

तीन निगेटिव्हमध्ये स्वच्छ आलाय. पंखांवरच्या चंदेरी रेघासुद्धा. हेरंबरावांनी एक छापून दिला आणि म्हणाले, "ह्याला सर्पपक्षी म्हणतात वाटतं. मीही कधी प्रत्यक्ष बघितला नव्हता." काही का म्हणेनात. पक्षी म्हणतात, बस्स!

फोटो स्वतः नीट केला. शिडीच्या खालच्या अंगाला, पाण्याला टेकलेल्या दांडीवर, एक पांढरा ठिपका होता, चांगला ठसठशीत धुळीचा. बुजवला. शिडीचा रंग असा जुळवला की हेरंबरावांनाही सापडणार नाही.

घरी नेला. आयेने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा करून पाठ बघितली. "इलो," म्हणाली. "फोटोत इलो." मग भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं होतं आनंद होईल तिला. रघू म्हणाला, "वहिनी, जिंकलीस." मी गूळ आणला होता, सगळ्यांच्या हातावर ठेवला. आयेने तिचा खडा पदराच्या टोकात बांधून ठेवला.

मी मात्र आज पोटभर जेवले, कितीतरी महिन्यांनी. कुंकू मोठं लावलं.

१ मार्च

आये काय करते माहीत आहे? तो फोटो उशाशी घेऊन निजते. सकाळी विचारलं तर म्हणाली, "पाखरूच तां. पण मगे माझो झील खय आसा, तां सांग." म्हटलं, येतील. शिमग्याला येतील.

६ मार्च

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

हेरंबरावांना फोटो एवढा आवडला की शोकेसमध्ये लावायला मोठा करायचा म्हणाले. तीनपैकी दुसरी निगेटिव्ह घेतली, त्यात मान जास्त सुंदर आली होती. दुपारी प्रिंट माझ्या टेबलावर आला. मी कुंचला ओला केला, रंग घोळवला, वरून खाली यायला लागले. आणि शिडीच्या खालच्या दांडीवर पांढरा ठिपका.

तिथेच. त्याच दांडीवर.

मी हेरंबरावांकडे तिसरी निगेटिव्ह मागितली. काचेवर ठेवली, भिंग लावलं. तिथेही तेच.

धूळ दोन निगेटिव्हवर एकाच जागी बसत नाही. तीनवर तर नाहीच नाही. दोन वर्षं हेच काम करते मी.

मोठ्या फोटोवर भिंग धरलं. ठिपका लांबट होता. एकावर एक तीन कप्पे. वर धरायची दांडी. आणि बाजूने एक चिंधी लोंबत होती.

त्यांच्या डब्याची कडी तुटली होती. माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून मीच बांधला होता, घट्ट, दोन गाठी मारून. तोच डबा. त्यांच्याबरोबर गेलेला. शिडीला अडकवलेला, पाणी उतरलं म्हणून वर दिसला. पाण्याखाली होता इतके महिने, आणि मी गॅलरीतून रोज बघत होते.

आणि मी तो बुजवला. रंग जुळवून बुजवला आणि गूळ वाटला.

७ मार्च

सकाळी फोटो घेऊन सीतारामकडे गेले. ठिपक्यावर बोट ठेवलं फक्त. तो खाली मातीतच बसला.

"रोज यायचे वैनी," म्हणाला. "मीच दार उघडायचो. पाणी जिथनं बॉयलरला जातं तिथं जाळी हाय, शिडीच्या खाली खड्ड्यात. पाला अडकतो. ते उतरून काढायचे. म्हणायचे, संप मिटला की पहिल्या दिवशी बॉयलर पेटला पायजे, जाळी तुंबली तर बॉयलर मरतो. कुणाला सांगू नको म्हणायचे. लोक फुटीर म्हणतील, म्हणायचे, घरातसुद्धा न्हाई सांगितलं."

ओले केस. ह्या ओल्या केसांवरून मी काय काय विचार केला, माझी मला लाज वाटते.

"त्या दिवशी मला कुणीतरी गेटवर बोलावलं," तो रडायलाच लागला. "परत आलो तर कुणी न्हाई. वाटलं भिंतीवरनं गेले. खाली वाकून बघायचं धाडस न्हाई झालं वैनी. मग दिवस गेले आन् बोलायचंच ऱ्हायलं."

त्याला शिव्या द्यायच्या म्हणून तोंड उघडलं. एकही आली नाही. त्या उदबत्त्या आठवल्या.

९ मार्च

काल फायर ब्रिगेडवाले आले. अख्खी चाळ मागच्या गॅलरीत. मी आत, तलावाच्या काठावर, आयेचा हात धरून. रघू बाजूला.

जाळीपाशी गाळात होते. मी जास्त लिहीत नाही.

डबा माझ्या हातात दिला. गाठी तशाच होत्या, दोन.

हवालदार वही घेऊन आला. "मयताचं नाव?" सगळे रघूकडे बघायला लागले, बायको कशी सांगणार. रघूने तोंड उघडलं, मग पाठ फिरवून डोळ्यांना रुमाल लावला. हवालदाराने परत विचारलं.

मी सांगितलं. "लवू." एवढं हळू आलं की त्याला ऐकूच गेलं नाही. मग मोठ्याने म्हटलं, "लवू!" पलीकडच्या भिंतीवर आदळून ते नाव परत आलं. शिडीवर कुणी नव्हतं. माणसांच्या गडबडीने पक्षी सकाळीच उडून गेला होता.

आयेने माझ्या तोंडावर हात ठेवला नाही. उलट म्हणाली, "घे गो. आता घे."

२४ मार्च

बारावं झालं. आयेने पदरातला गुळाचा खडा पिंडाजवळ ठेवला.

पक्षी परत आलेला नाही. गॅलरीतल्या बायका माझ्यासमोर तलावाकडे बघतही नाहीत. रघू म्हणाला, भिंतीवर लावायला दादाचा फोटो करायला हवा. आमचा एकच आहे, लग्नातला, दोघांचा. त्यातून मला पुसून त्यांना एकट्याला काढायचं. दुसऱ्यांच्या बायका मी अशा किती पुसल्यात. शेजारी हाताचं बोट जरी उरलं तरी बुजवून टाकते. हे मात्र मला जमणार नाही, रघूला तसं सांगितलं.

आयेच्या उशाचा फोटो मागितला. तिने आधी दिला नाही. मग दिला. कापूस पाण्यात भिजवला आणि शिडीच्या खालच्या दांडीवरून हळूहळू फिरवला. स्पॉटिंगचा रंग पाण्याने निघतो. आधी करडा झाला, मग फिका, मग ठिपका वर आला, पांढरा, ठसठशीत.

फोटो आयेच्या हातात दिला आणि तिचं बोट धरून ठिपक्यावर ठेवलं. म्हटलं, "आये, हा लवूचा डबा."